आपल्याच घरात इतरेजन

गोंदियातल्या आमच्या घरात कॉम्प्युटर माझा, विजेचं बिल माझं, आणि तो ज्यावर विराजमान आहे ते टेबलही माझ्याच लग्नात आलेलं. तरी परवा त्यानं मला तोंडावर सांगितलं, 'परमिशन डिनाइड!'

झालं असं. यंत्र जुनं. नवी विंडोज त्याला झेपेना, म्हणून चिरंजिवांनी त्यात लिनक्स बसवलं. हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानं, लायनस टोरवाल्ड्सनं, ते १९९१ साली सुरू केलं. शिवाय फुकट, आमच्या घरात एवढं पुरतं. पण माझा भिशीच्या हिशेबाचा प्रोग्राम जुन्या विंडोजशिवाय हलत नाही. तेव्हा लिनक्सच्या पोटात विंडोजसाठी एक मानीव कॉम्प्युटर थाटायचा ठरलं. त्याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. थोडक्यात, पोटभाडेकरू.

भाडेकरू दारातच अडला. प्रोसेसरची ताकद त्याच्यापर्यंत पोचवणारं केव्हीएम नावाचं दार २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यात आहे. आमच्या यंत्रात त्यावर पाटी होती : मालक 'रूट', गट 'केव्हीएम', परवानगी ६६०. मी बी.कॉम., आकड्यांना भीत नाही. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, बेरीज ६. पहिला ६ मालकाचा, दुसरा ६ गटाचा आणि शून्य इतरेजनांचं. इतरेजन म्हणजे मी!

चिरंजिवांच्या मित्रानं फोनवर तोडगा सांगितला, "काका, ६६६ करून टाका. सगळ्यांना मोकळं!" इथं माझ्यातला कारकून जागा झाला. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्या काय दोघंही चोर म्हणून? कुलूप जड जातं म्हणून दारच उखडायचं? मी ठणकावून म्हटलं, "नाही!"

आणि मला माझंच एक जुनं 'नाही' आठवलं. आमगावकडची एक बाई काउंटरवर आली होती. नवरा वारलेला, खात्याला नॉमिनी नाही. मी म्हटलं, "पैसे मिळणार नाहीत." ती म्हणाली, "साहेब, पैसे तं माह्या मालकाचेच हायेत ना?" मी म्हटलं, "पुढचा."

नियम बरोबरच होता. पण लहान रकमेसाठी सोपी पद्धत असते, मृत्यूचा दाखला आणि दाव्याचा अर्ज अमुक टेबलावर द्यायचा, हे मी सांगितलंच नाही. रांग मोठी होती. ती बाई पुन्हा दिसली नाही.

संध्याकाळी चिरंजीव आले. "बाबा, दार कशाला उघडं टाकता? तुमचं नाव केव्हीएम गटात घाला." एका ओळीचा हुकूम दिला. तरी नकार! "आता लॉगआउट करून परत या. गटांची यादी आत शिरतानाच वाचली जाते." परत आलो. भाडेकरू सुखानं नांदू लागला.

नकार देणं पाप नाही, हे माझं मत अजून कायम आहे. काही दारं बंदच हवीत. पण नकाराखाली एक ओळ हवी : नाव कुठं घालायचं, कुणाला भेटायचं. लिनक्सनंही ती लिहिली नव्हती, पण ते बिचारं यंत्र. त्याला पगार नाही, आणि समोर उभ्या बाईचे डोळेही त्याला दिसत नाहीत.

मला दोन्ही होतं.