नवं सोवळं

दुधाचा संशय घ्यायला आपल्याला फारसं कारण लागत नाही. साय जरा पातळ आली, उकळताना फेस जास्त दिसला, चहा नेहमीसारखा झाला नाही, की घरात कुणीतरी म्हणतंच, 'युरिया घातलाय मेल्यांनी.' मग दोन बोटांत थेंब चोळून बघणं, उतरत्या ताटलीवर ओघळ सोडून बघणं आणि शेवटी गवळीच बदलणं.

देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दुधाची मोठी पाहणी केली. पन्नास हजारांहून जास्त वस्तीच्या अकराशेवर गावा-शहरांतून ६,४३२ नमुने उचलले आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात निकाल जाहीर केले. आरोग्याला धोका होईल अशी भेसळ १२ नमुन्यांत सापडली. बारा हजार नव्हे, बारा. फॅट कमी, पाणी जास्त, अशा दर्जाच्या तक्रारी पुष्कळ निघाल्या. पण ती खिशाची फसवणूक, जिवाची नव्हे. जिवाच्या बाजूने बघायचं तर मोठा आकडा वेगळाच होता. ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होतं.

हे अफ्लाटॉक्सिन दुधात कुणी ओतत नाही. मका, शेंगदाणा, सरकी यांना ओल लागली, हवा दमट राहिली, की त्यांच्यावर एक बुरशी धरते आणि हे विष तयार करते. ती पेंड जनावराच्या पुढ्यात पडते. गाईच्या यकृतात विषाचं रूप बदलतं आणि ते दुधात उतरतं. दूध कितीही उकळा, ते जात नाही. यकृताच्या कर्करोगाशी या बुरशीविषाचं नातं शास्त्राने पक्कं केलेलं आहे. आणि पाहणीत ते सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त आढळलं. म्हणजे गवळ्याला सोडून पिशवीकडे वळलेल्या माणसाची चिंता नेमकी उलट दिशेला गेली होती.

या निकालाची दोन दिवस चर्चा झाली आणि ती विरली. युरियाची गोष्ट मात्र अजून घरोघर ताजी आहे. मला याचं कारण असं वाटतं की भीतीला गुन्हेगार लागतो. रात्री गोठ्यात युरिया कालवणारा माणूस डोळ्यांपुढे आणता येतो, त्याला शिव्या घालता येतात. बुरशीला शिव्या घालून समाधान होत नाही. तिच्यावरचा उपायही अगदी नीरस: कोरडं गोदाम, वेळेवर वाळवण, पेंडीची तपासणी. त्यासाठी कुणी निरोप पुढे पाठवत नाही.

१९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात हेच विष माणसांच्या थेट ताटात गेलं. अवकाळी पावसात मका भिजला होता, त्याला बुरशी लागली होती. तो खाणारे बहुतेक आदिवासी होते आणि घरात दुसरं धान्य नव्हतं. कावीळ पसरली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं दगावली. तिथे ना कुणी भेसळ केली होती, ना कुठला कारखाना होता. माणसांना निवड नव्हती, एवढंच. आपण बाजारात उभे राहून कुठल्या दुकानातली ज्वारी घ्यावी याचा विचार करतो, तेव्हा ही निवड करता येणं हेच आपलं अर्धं संरक्षण असतं, हे सहसा ध्यानात येत नाही.

आता त्या पेंडीचा माग जरा मागे काढू. आपल्याकडे दुभत्या जनावराला सरकी पेंड घालतात. सरकी येते कपाशीतून. म्हणजे पुण्या-मुंबईच्या चहातल्या दुधाचा एक धागा विदर्भातल्या पऱ्हाटीपर्यंत जातो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळात ती पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. किडीने कास्तकार हैराण झाले होते. पाठीवर पंप घेऊन मजूर ओळींतून फिरत होते. एरवी कमरेखाली पडणारा फवारा आता तोंडासमोर उडत होता. बॅटरीवरच्या पंपांचे थेंब बारीक, हवेत तरंगणारे. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. सल्ला बहुधा औषध विकणाऱ्याचाच. उकाडा असा, की अंगातला सदरासुद्धा नकोसा व्हावा, तिथे मास्क आणि हातमोजे कोण घालणार? आणि ते कुणी दिले होते? माणसांना उलट्या होऊ लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. यवतमाळ जिल्ह्यात वीसवर माणसं गेली, शेकडो रुग्णालयात पडली. मेलेल्यांमध्ये दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूर होते.

ज्या औषधांची नावं तेव्हा पुढे आली त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं. हे नाव त्याआधी २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात ऐकू आलं होतं. तिथल्या एका गावात शाळेच्या दुपारच्या जेवणात ते तेलातून गेलं आणि २३ मुलं मेली. भाजीपाल्यावर हे औषध वापरायला आपल्या देशात २००५ पासूनच बंदी होती, कापसावर मात्र तेव्हा नव्हती. भाजी आपण खातो, तेव्हा भाजीवर नको. कापूस कुणी खात नाही, तेव्हा कापसावर चालेल. खाणाऱ्याच्या बाजूने हा हिशेब वरवर पटणारा होता. फवारणाऱ्याच्या कातडीला मात्र समोर वांगं आहे की बोंड, याने काय फरक पडतो?

हा हिशेब कसा बसवतात तेही पाहण्याजोगं आहे. एखाद्या औषधाची जी मात्रा रोज देऊनही प्रयोगातल्या प्राण्यांवर दुष्परिणाम दिसत नाही, ती शोधतात आणि सहसा तिला शंभराने भागतात. दहाने अशासाठी, की माणूस म्हणजे उंदीर नव्हे. आणखी दहाने अशासाठी, की सगळी माणसं सारखी नसतात, कुणी तान्हं असतं, कुणी आजारी. एवढं रोज आयुष्यभर पोटात गेलं तरी चालेल, अशी ती मर्यादा. भाजीवरच्या अवशेषाची मर्यादा याहून वेगळी असते. लेबलाप्रमाणे फवारणी केली तर जास्तीत जास्त किती उरेल, यावरून ती ठरते आणि मग रोजच्या खाण्याच्या हिशेबात बसते की नाही हे तपासतात. म्हणून एखाद्या नमुन्यात ती मर्यादा ओलांडलेली दिसली की 'भाजीत विष' असा मथळा येतो, तेव्हा बहुतेक वेळा कायदा मोडलेला असतो, पण खाणारा लगेच आजारी पडेल इतकं काही झालेलं नसतं. कायदा मोडला हे वाईटच. पण किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशांत मोजलेल्या अवशेषाने आपली झोप उडते आणि बाटलीतून पंपात तेच औषध उघड्या हाताने ओतणारा माणूस आपल्या हिशेबात कुठेच येत नाही, हे मला जास्त खटकतं.

बाजारातलं वांगं घ्या. आपण काय करतो? देठ बघतो, चकाकी बघतो, भोक दिसलं की बाजूला टाकतो. शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीचं ते भोक असतं. अळी एकदा आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ती शिरण्याआधीच फवारायचं, वरचेवर फवारायचं. फवारणीनंतर अमुक दिवस तोडा करू नये, असं बाटलीवर लिहिलेलं असतं. पण वांग्याचा तोडा दर काही दिवसांनी करावाच लागतो, नाहीतर फळ जून होतं आणि भाव पडतो. ते बिनभोकाचं, काळंभोर, चकचकीत वांगं ओट्यावर आणून आपण मिठाच्या पाण्यात बुडवतो. पाण्याने वरचं काही निघून जातं, ते चांगलंच आहे. आत भिनलेलं निघत नाही. पण फवारणीची मागणी आपण बाजारात वांगं उलटंसुलटं करून पाहतानाच नोंदवलेली असते.

याच अळीला रोखण्यासाठी जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने जनुक बदललेलं बीटी वांगं तयार केलं होतं. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूरही होतं, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. स्थगितीला कारणं होती, स्वतंत्र चाचण्यांची मागणीही रास्त होती. निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. त्या वादात खाणाऱ्याच्या पोटाला जेवढी जागा मिळाली, तेवढी फवारणाऱ्याच्या छातीला मिळाली नाही, असं मात्र मला तेव्हाही वाटलं होतं. वांगं फवारलं जातंच आहे.

मागच्या पिढ्यांतलं सोवळं इथे आठवतं. ते पाळायला ऐपत लागायची: वेगळं धूतवस्त्र, ते वाळत घालायला जागा, पाण्याची सोय. आणि मुख्य म्हणजे त्या रेषेबाहेर उभं राहायला कुणीतरी लागायचं. धान्य पिकवणारे, कापणारे, मळणारे हात चालायचे. तेच हात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आले की विटाळ व्हायचा. 'विषमुक्त' अशी पाटी लावलेल्या दुकानातून, तिप्पट भावाची डाळ घेऊन बाहेर पडणाऱ्या आपल्या चेहऱ्यावर मला कधीकधी त्याच समाधानाची छटा दिसते. माझं ताट शुद्ध झालं. बाकीच्यांचं बाकीचे पाहतील.

सेंद्रिय शेतीबद्दल माझी तक्रार नाही. उलट तिच्या बाजूचं सगळ्यात भक्कम कारण हेच, की तिथल्या मजुराच्या पाठीवर मोनोक्रोटोफॉसचा पंप नसतो. पण त्या दुकानांतल्या पाट्या वाचून पाहा. 'तुमच्या कुटुंबासाठी', 'तुमच्या मुलांसाठी'. 'तुमच्या मजुरासाठी' अशी पाटी माझ्या पाहण्यात नाही. (आणि बुरशी सेंद्रिय शेंगदाण्यालाही सोडत नाही, हेही त्या पाटीवर नसतं.)

चिंता अगदीच वाया जाते असंही नाही. युरोपने आपल्या द्राक्षांची चिंता केली, तेव्हा नाशिकचा बागाईतदार बदलला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अवशेष निघाले म्हणून युरोपात माल अडला आणि अनेक बागाईतदार कर्जात गेले. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, कोणती फवारणी कधी केली याची वही ठेवावी लागते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. डाउनी आणि भुरी या रोगांशी झुंजणारा तोच शेतकरी, तीच वेल, तोच ऑक्टोबर छाटणीनंतरचा हंगाम. गिऱ्हाइकाने एकेकट्याने घाबरण्याऐवजी संघटितपणे मागणी केली, की अवशेष उतरतात. मात्र त्या वहीतसुद्धा मोजमाप मण्यावरच्या अवशेषाचं असतं, डिपिंग करणाऱ्या, म्हणजे घड द्रावणात बुडवणाऱ्या बाईच्या हातांचं नसतं.

ताट आणि मजूर दोघांचाही हिशेब एकदम सुटला, असं एक उदाहरण मला ठाऊक आहे आणि ते बांगलादेशातलं आहे. तिथे हळकुंडाला पिवळाधमक रंग यावा म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट घालत. त्यात शिसं असतं आणि शिसं मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. इथे भीती पूर्णपणे रास्त होती. तिथेही मुळाशी गिऱ्हाइकाचा डोळाच होता, कारण फिक्या हळदीला भाव येत नव्हता. २०१९ मध्ये संशोधकांनी शिशाचं मूळ हळदीपर्यंत आणून दाखवलं. सरकारने घाऊक बाजारावर धाड टाकली, व्यापाऱ्यांना दंड केला, बाजारांत सूचना लावल्या, वर्तमानपत्रांतून लोकांना सांगितलं. ज्या बाजारांत २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं, तिथे २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही.

ढाक्यातल्या गरिबातल्या गरीब घराची हळदही त्यामुळे स्वच्छ झाली. त्यासाठी कुणाला वेगळ्या दुकानात जावं लागलं नाही. त्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजली, जी आपल्याकडे फारशी कुणी मोजत नाही. हळदीच्या गिरण्यांत पॉलिश करणाऱ्या कामगारांचं रक्त त्यांनी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासलं. त्यातलं शिसं साधारण तीस टक्क्यांनी उतरलं होतं.