एका गुणाने हरल्यावर

अटीतटीचा सामना हरल्यावर पहिल्या तासाभरात खेळाडूंचं जे मूल्यमापन होतं, ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. वीस गुणांनी हरलेल्या संघाचा हिशेब त्या मानाने बरा होतो. कोण कुठे कमी पडलं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि एवढी मोठी हार कुणा एकाच्या माथी मारता येत नाही. एका गुणाने हरलेल्या संघाला मात्र गुन्हेगार लागतो.

शालेय क्रीडा स्पर्धांत हे दरवर्षी घडतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती चढण, आणि सामने बाद पद्धतीचे. किल्लारीकडच्या एखाद्या संघाने लातूरला जाऊन जिल्हा पातळीवरचा सामना एका गुणाने घालवला, की त्या मुलींचं ते वर्ष तिथेच संपतं. दहावीतल्या मुलीचं तर शाळेसाठी खेळणंच संपतं. प्रमाणपत्र, त्यावर मिळणारे सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची आशा, हे सगळं त्या एका गुणाला टांगलेलं असतं. मग परतीच्या गाडीत हिशेब सुरू होतो. “शेवटी बॉल तुझ्याच हातात होता की.” “तुझ्यामुळं गेली मॅच.” सर पुढच्या सीटवर बसून ऐकत असतात. पुष्कळदा तेही दुसऱ्या दिवशी मैदानावर प्रत्येकीला दहापैकी गुण देऊन मोकळे होतात. हिला सात, तिला पाच, आणि जिचा शेवटचा नेम हुकला तिला दोन.

तो दोनाचा आकडा कुठून आला, हे तपासायला हवं. समजा, बास्केटबॉलचा सामना ४१–४२ असा गेला. हरलेल्या संघाने त्यात नऊ फ्री थ्रो वाया घालवले असतील. त्यातला एक आत गेला असता तर बरोबरी होती, दोन गेले असते तर विजय होता. पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी बास्केटखाली मोकळी असताना घाई केली असेल. तिसऱ्या सत्रात कुणी विनाकारण फाउल करून समोरच्यांना दोन गुण आंदण दिले असतील. एखादीने रिबाउंडला उडी घ्यायला अर्धा क्षण उशीर केला असेल. यातली प्रत्येक गोष्ट निकाल बदलायला पुरेशी होती. एका गुणाच्या सामन्यात प्रत्येक चूक निर्णायक ठरते, आणि नेमकं म्हणूनच त्यातली एक वेगळी काढून ‘हिच्यामुळे’ असं म्हणता येत नाही. तरीही आपण शेवटची चूक उचलतो, कारण तिच्यानंतर ती झाकणारं काही घडलेलं नसतं. गुणफलकाला पहिल्या मिनिटातली बास्केट आणि चाळिसाव्या मिनिटातली बास्केट सारखीच असते. लक्षात फक्त दुसरी राहते.

महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात याचं सर्वांत बोलकं उदाहरण क्रिकेटमध्ये सापडतं. मे १९९१, वानखेडे स्टेडियम, रणजी करंडकाचा अंतिम सामना. कपिल देवच्या हरियाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या, त्यात दीपक शर्माच्या एकट्याच्या १९९. मुंबईने ४१० केल्या. दुसऱ्या डावात हरियाणा २४२वर संपला आणि मुंबईपुढे ३५५चं लक्ष्य आलं. सामना अनिर्णित राहिला असता तर पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक हरियाणाकडेच जाणार होता, म्हणजे जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मुंबई ३ बाद ३४. तिथून अठरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने ७५ चेंडूंत ९६ धावा कुटल्या. दिलीप वेंगसरकर एका टोकाला उभे राहिले, पायात गोळे आले तेव्हा धावायला लालचंद राजपूत आले. ९ बाद ३०५ वर अकरावा फलंदाज ॲबी कुरुविला मैदानात उतरला, तेव्हा जिंकायला पन्नास धावा हव्या होत्या. शेवटच्या जोडीने त्यातल्या ४७ काढल्या. मग कुरुविला धावबाद झाला आणि मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर १३९ वर नाबाद होते. मैदानातच त्यांना अश्रू आवरले नाहीत.

आता या अकरा जणांना गुण द्या. कुरुविलाला किती देणार? धावबाद तो झाला, सामना तिथेच संपला, म्हणजे गाडीतल्या न्यायाने दोन. पण तळाचा हा गोलंदाज टिकून राहिला म्हणून तर पन्नासाच्या तीन उरल्या होत्या. तेंडुलकरच्या ९६ला दहापैकी साडेनऊ द्यायला कुणाची हरकत नसेल. तरी तीन धावांचाच प्रश्न होता, तर त्याच्या ९९ झाल्या असत्या तरी पुरलं असतं, हेही गणिताने तितकंच खरं आहे. ते कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये, कारण ते अन्यायाचं होईल. मग कुरुविलाच्या बाबतीत तो अन्याय का वाटत नाही? आणि ज्या गोलंदाजीने ५२२ धावा दिल्या, तिचे गुण कोण कापणार? पहिल्या डावातली ११२ धावांची पिछाडी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत जुनी झालेली असते. खरं तर सामना तिथेच अर्धा हातातून गेला होता. शेवटच्या तासाने त्याला नाट्य दिलं आणि आपल्याला एक नाव दिलं. हाच कुरुविला पुढे १९९७ साली भारताकडून कसोटी खेळला. त्या धावबादापलीकडे पाहून त्याचं मोल करणारं कुणीतरी होतं.

आकड्यांचा आधार घेतला तर न्याय होईल, असं पुष्कळांना वाटतं. मला ते अर्धंच पटतं. आकडे स्मरणशक्तीपेक्षा प्रामाणिक असतात, पहिल्या मिनिटातली चूक ते विसरत नाहीत. पण आकडे नोंद कशाची करतात, हा प्रश्न उरतोच. लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्याने खो-खोमध्ये मोठं नाव कमावलं आहे. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली आणि २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे तिथलीच. खो-खोच्या बातमीत प्रत्येक खेळाडूपुढे संरक्षणाची मिनिटं आणि बाद केलेले गडी छापलेले असतात. सूर मारून गडी टिपणारीच्या नावावर तो गडी लागतो. त्याआधी तिघींनी अचूक वेळी खो देऊन त्या पळणाऱ्या मुलीला खांबाकडे रेटत नेलेलं असतं, तिचा दम काढलेला असतो. त्यांच्यापुढे छापायला आकडा नसतो. बास्केटबॉलमध्येही तेच. स्क्रीन लावून सोबतिणीला मोकळं करणारी, आपली खेळाडू सोडून क्षणभर दुसरीच्या मदतीला धावणारी, प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत उंच मुलीला पाठीने अडवून ठेवणारी, जिच्यामुळे रिबाउंड तिसरीलाच मिळतो, तिच्या घामाला गुणपत्रिकेत रकाना नाही.

किल्लारीत हे समजावून सांगायला फार लांब जावं लागू नये. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाच्या पहाटेशी खेळातल्या हारजितीची बरोबरी मला करायची नाही. हजारो माणसं गेलेल्या गावाजवळ तशी बरोबरी करणं अभद्र आहे. पण त्या भूकंपानंतर अभियंत्यांनी भिंती तपासून जे सांगितलं, ते इथल्या माणसाला आजही ठाऊक आहे. दगड कमजोर नव्हता. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला दगडांचे दोन थर, मध्ये माती आणि बारीक दगडांची भर, दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड नाही, आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. हादऱ्याने थर एकमेकांपासून सुटले आणि कोसळले. पुढे ज्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं, तिथे भिंतीत असे आरपार सांधे घालण्यावर भर होता. पडलेल्या भिंतीतल्या दगडांना एकेकटं तपासलं असतं तर बहुतेक सगळे उत्तीर्ण झाले असते. हरलेल्या संघाला एकेक करून गुण देताना हाच धोका असतो. सात, सहा, सात, आठ अशी चांगली यादी तयार होते, आणि संघ कुठे सुटला हे त्या यादीत कुठेच दिसत नाही.

शिवाय त्या यादीत एक नाव कधीच नसतं. एनबीएच्या १९६९च्या अंतिम फेरीतला सातवा सामना लॉस एंजेलिस लेकर्स बोस्टन सेल्टिक्सकडून १०८–१०६ असा हरले. लेकर्सच्या जेरी वेस्टने त्या सामन्यात ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट केले. अंतिम फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता, आणि तो हरलेल्या वेस्टला दिला गेला. त्यानंतर आजवर हरलेल्या संघातल्या एकाही खेळाडूला तो मिळालेला नाही. देणाऱ्यांनी तेव्हा निकालाच्या पलीकडे पाहिलं, याचं मला कौतुक वाटतं. पण त्याच सामन्यात लेकर्सचाच विल्ट चेंबरलेन गुडघा दुखावून चौथ्या सत्रात बाहेर आला, थोड्या वेळाने परत उतरायची तयारी त्याने दाखवली, आणि प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनी त्याला बाकावरच ठेवलं. दोन गुणांच्या हारीत हा निर्णय किती गुणांचा होता? आपल्याकडे तर गुण देणारे सर आणि बदली खेळाडू ठरवणारे सर एकच असतात. शेवटच्या मिनिटात चार फाउल झालेली मुलगी मैदानात का ठेवली, टाइम-आउट हातात असताना का घेतला नाही, याचे गुण सरांनी स्वतःला आधी द्यावेत, मुलींसमोर मोठ्याने द्यावेत, आणि मगच यादी वाचावी.

लातूर हा परीक्षेतल्या गुणांचा जिल्हा आहे. ‘लातूर पॅटर्न’ने राजर्षी शाहू महाविद्यालयाचं आणि या शहराचं नाव महाराष्ट्रभर नेलं. त्या पद्धतीवर टीका करण्यासारखं बरंच आहे. पण तिच्यातली एक गोष्ट मैदानावर जशीच्या तशी आणावी अशी आहे. सराव परीक्षा पुन:पुन्हा घ्यायची, आणि पेपर तपासून झाल्यावर विद्यार्थ्याला समोर बसवून कुठे, का चुकलं ते दाखवायचं. तिथे आकडा हे बोलणं सुरू करायचं निमित्त असतं. मैदानावर मात्र आपण पॅटर्नमधला फक्त आकडा उचलला आणि समोर बसवणं सोडून दिलं.

दुसरी गोष्ट बोर्डाकडून घेण्यासारखी आहे. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, तपासणाऱ्याला विद्यार्थ्याचं नाव कळू नये म्हणून. नाव कळलं तर हात सैल पडेल किंवा आवळला जाईल, ही भीती रास्त आहे. खेळात नाव झाकता येत नाही. पण तिथे हात बिघडवतो तो निकाल, आणि निकाल झाकता येतो. प्रशिक्षकाने स्वतःला एवढंच विचारावं: तो शेवटचा चेंडू रिंगवर फिरून बाहेर पडण्याऐवजी आत पडला असता, तर याच मुलीला मी किती गुण दिले असते? उत्तर नऊ असेल आणि प्रत्यक्षात तुम्ही दोन दिले असतील, तर मधले सात गुण रिंगने कापलेत, तुम्ही नाही. तिने नेम घेतला तेव्हा ती मोकळी होती का, दुसरी कुणी तिच्याहून मोकळी होती का, पाय स्थिर होते का, घड्याळात किती वेळ होता, हे सगळं चेंडू हातातून सुटण्याआधीचं आहे. गुण त्याचे द्यावेत. याहून सोपा मार्गही आहे. पहिल्या तीन सत्रांची नोंद आणि गुण सामना संपण्याआधीच लिहून ठेवावेत, बाकावरच्या एखाद्या मुलीकडून. मग शेवटच्या दहा सेकंदांना मागची तीस मिनिटं पुसता येणार नाहीत.

यावर काही शिक्षकांचं म्हणणं असं, की मग गुण द्यायचेच कशाला? पोरी आधीच रडताहेत, “सगळ्या छान खेळलात” म्हणावं आणि घरी सोडावं. या म्हणण्यामागची माया मला कळते, तरी मला हे मान्य नाही. बाहेरून कुणी गुण दिले नाहीत तर मुलगी स्वतःला देते, आणि ते दोनाहून कमी असतात. जिचा नेम हुकला तिला “छान खेळलीस” हे खोटं वाटतं. जी खरंच आळसावली होती तिलाही तेच शब्द मिळालेले तिने ऐकलेले असतात. सगळ्यांना सारखं कौतुक वाटलं की ज्या मुलीने चाळीस मिनिटं अडवण्याचं काम केलं, जिच्यासाठी रकाना नाही, ती पुन्हा एकदा अदृश्य राहते. गुण द्यावेत. एक रात्र जाऊ द्यावी, नोंदी समोर घ्याव्यात, प्रत्येकीशी वेगळं बोलावं आणि मग द्यावेत.

घाईच्या गुणांनी होणारं सर्वांत मोठं नुकसान त्या दिवशी दिसत नाही, ते पुढच्या हंगामात दिसतं. जिथे शेवटच्या हुकलेल्या नेमाला दोन गुण मिळाले, तिथे पुढच्या वेळी शेवटच्या दहा सेकंदांत चेंडू कुणालाच नको असतो. पास फिरत राहतो, घड्याळ संपतं, आणि कोपऱ्यात उभं राहून जिने हात वर केला नाही तिला सहा गुण मिळतात, कारण तिचं काहीच चुकलेलं नसतं. आपण हे शिकवतो आणि मग मुली दबावाखाली कच खातात म्हणून तक्रार करतो. नेम हुकल्याचे गुण कमी करायचे असतील तर करा. पण शेवटच्या क्षणी चेंडू मागितला का, याचा एक वेगळा रकाना त्या कागदावर आखा, जिने मागितला तिला त्यात पूर्ण गुण द्या, आणि जिने मान खाली घातली तिच्यापुढे, बाकी सामना ती कितीही सुरेख खेळलेली असो, शून्य लिहा.