चाकरी आणि स्पष्टोक्ती

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपल्याकडे थट्टेने म्हटली जाते. पण तिच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे. पोटासाठी माणसाला कोणाच्या तरी हाताखाली राहावे लागते, आणि हाताखाली राहिला की जीभ आवरावी लागते. मग जी जीभ कीर्तनात सत्याचा जयजयकार करते, तिने कामाच्या ठिकाणी मूग गिळून बसावे की काय? निर्गुडेकाठच्या आमच्या वणीत आणि आसपासच्या खेड्यांत कीर्तनानिमित्त जाणे होते, तेव्हा हा प्रश्न हल्ली फार ऐकू येतो. तरुण पोरे म्हणतात, "महाराज, आपन तोंडावर बोलतो, कोनाचं आयकून घेत नाही." त्यांच्या आया म्हणतात, "महाराज, पोट्टं कामाले चांगलं हाय, पन तोंडापायी कोठं टिकत नाही." दोघांनाही आमच्याकडून निवाडा हवा असतो, आणि तो आपल्याच बाजूने हवा असतो!

निवाड्याआधी एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. या भागातल्या तरुणाचा ताठा कोठून आला, हे समजून घेतल्यावाचून त्याला नम्रतेचा उपदेश करणे अन्यायाचे होईल. उकणी, कोलारपिंपरीकडे ज्यांची वावरे कोळशाच्या खाणीत गेली, त्यांचे बाप-आजे नांगर धरताना कोणाची परवानगी विचारीत नव्हते. पाऊस आणि सावकार, एवढेच काय ते त्यांचे वरिष्ठ. आज त्याच घरातला मुलगा हजेरीबुकात सही करतो, नाहीतर ठेकेदाराच्या गाडीवर बसतो. काल मालक होता, आज चाकर झाला. अशाला कोणी 'ए' म्हणून हाक मारली तर त्याच्या पोटात कालवते. हे कालवणे पाप नव्हे. प्रश्न एवढाच, की त्या कालवण्याचे पुढे काय करायचे?

तोंडाळपणाला आधार म्हणून पुष्कळदा संतांची नावे घेतली जातात. "तुकोबांनी कोणाची भीड ठेवली? जनाबाईने तर देवालाही सुनावले." खरे आहे. पण तुकोबांच्या वाणीच्या आधी त्यांची एक करणी आहे, तिच्याकडे लक्ष द्या. घरची सावकारी होती. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते होती. ती इंद्रायणीत बुडवावी असे तुकोबांच्या मनाने घेतले. तेव्हा परंपरा काय सांगते? धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची अर्धी खते त्यांनी कान्होबांना देऊन टाकली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. वाचकहो, या कथेतली नदी सर्वांच्या ध्यानात राहते, वाटणी मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. भावाचे डोळे मिटवून सगळीच खते बुडविली असती तरी जगाने 'केवढे वैराग्य!' असेच म्हटले असते. परंतु तुकोबांनी भावाचा घास आपल्या वैराग्यात ओढला नाही. बंड केले ते आपल्या वाट्याचे.

आमच्या मते हीच स्पष्टोक्तीची कसोटी. तुम्ही किती मोठ्याने बोललात, कोणाला बोललात, समोरचा कसा गप्प झाला, हे सारे गौण. कोणासाठी बोललात आणि त्या बोलण्याची किंमत कोणी भरली, हे मुख्य. साहेबाला चार शब्द ऐकवून पोरगा ताठ मानेने घरी येतो; पण महिन्याचा किराणा आईला उधारीवर आणावा लागतो आणि बहिणीची फी थकते. म्हणजे शौर्य याचे आणि खत बुडाले कान्होबाचे! याला तुकोबांचे नाव देऊ नये.

चाकरीतल्या माणसाने बंड कसे करावे, हे पाहायचे तर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांकडे पाहावे. पंधराव्या शतकातले बहामनी राज्य, भयंकर दुष्काळ, दारात भुकेली माणसे आणि हाताशी बादशहाची धान्याची कोठारे. पंतांनी कोठारे उघडली. पुढे विठू महाराच्या रूपाने पांडुरंग बेदरला गेला आणि त्याने रक्कम भरली, हा भाग आपण सारे डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. पण त्याच्या आधीचा भागही तितकाच मोलाचा आहे. धान्य बादशहाचे होते, हे पंतांनी नाकारले नाही. हिशेबात लबाडी केली नाही, की हाताखालच्या कारकुनावर ढकलले नाही. धान्य धन्याचे खर्च झाले, पण जबाबदारीला डोके स्वतःचे पुढे केले. आणि एवढे सारे केले ते आपल्या मानपानासाठी नव्हे, परक्याच्या पोटासाठी.

दुसरी गोष्ट हाताची. ज्याचे हात कामात चोख, त्याच्या जिभेला वजन येते. नाथमहाराज देवगडावर जनार्दनस्वामींकडे हिशेब पाहत, तेव्हा एका पैची चूक सापडावी म्हणून रात्रभर जागले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या माणसाने एका पैसाठी रात्र जागवली, त्याने पुढे पैठणात लोकांच्या रागाची पर्वा न करता समतेचे आचरण केले. हा योगायोग नव्हे. रोज अर्धा तास उशिरा येणारा जेव्हा अन्यायावर व्याख्यान देतो, तेव्हा खऱ्या अन्यायाचीही किंमत कमी होते. मालकाला आयते कारण मिळते आणि ज्यांच्यासाठी तो बोलला ते आणखी उघडे पडतात.

याचा अर्थ 'काम करा आणि गप्प बसा' असा कोणी करील, तर तो आम्हांस मान्य नाही. काही ठिकाणी गप्प बसणे हेच पातक असते. भूमिगत खाणीत पाळी उतरण्यापूर्वी छत ठोकून पाहतात. दगड घट्ट असला तर खणखणीत आवाज येतो. पोकळ असला तर बद्द आवाज येतो. तो आवाज ऐकून 'येथे माणूस जाणार नाही' असे म्हणणे हे तिथल्या सरदाराचे कामच आहे. वरून कोळशाची कितीही घाई असो, त्याने ती जागा बंद केलीच पाहिजे. उघड्या खाणीत डंपरचा ब्रेक नीट लागत नाही असे ड्रायव्हर म्हणतो, तेव्हा तोही हेच करतो. ही उद्धटाई नव्हे, हे खाल्ल्या मिठाला जागणे होय. उलट कँटीनच्या चहावरून टेबल आपटणारा, पण पोकळ छताखाली दहा माणसे निमूट पाठविणारा, त्याला आम्ही स्पष्टवक्ता म्हणणार नाही. त्याचे तोंड मोठे आहे, एवढेच.

कटू बोलायचे कसे, याचा धडा आमच्या संस्कृत पाठशाळेत फार लवकर मिळे. भारवीच्या किरातार्जुनीयाच्या पहिल्याच सर्गात एक वनेचर येतो. युधिष्ठिराचा हा साधा हेर. शत्रूचे राज्य उत्तम चालले आहे, ही वार्ता त्याला आपल्या वनवासी धन्याला सांगायची आहे. यापेक्षा अप्रिय ते काय असणार? तो गोड खोटे बोलत नाही. पण चारचौघांतही बोलत नाही. एकांतात, आधी अनुज्ञा घेऊन, मग सारे जसेच्या तसे सांगतो. हिताचे सांगत नाही तो सेवक वाईट आणि हिताचे ऐकत नाही तो धनी वाईट, असे दोन्हीकडे माप लावून तो बोलतो. आणि युधिष्ठिर त्याच्यावर चिडत नाही; त्याचा सत्कार करून त्याला निरोप देतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे लक्षण सांगताना सत्याच्या जोडीला प्रिय, हितकर आणि दुसऱ्याला उद्वेग न देणारे असे विशेष जोडले आहेत, ते या वनेचराच्या ठिकाणी पाहावेत. बातमी त्याला गोड करता आली नाही. रीत मात्र गोड ठेवता आली.

इतके करूनही ऐकले नाही तर? मग सोडून जाण्याची तयारी लागते. यासाठी आम्हांला वणीबाहेर जाण्याचे कारण नाही. लोकनायक माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी याच वणीत झाला. आधी शिक्षकी केली, मग यवतमाळला वकिली. १९३० साली पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि तुरुंग पत्करला. १९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसशी मतभेद झाले, तेव्हा मालवीयांबरोबर वेगळा पक्ष काढला. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा घेतली. त्यावर टीका झाली, तीही सोसली. आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले, सरकार त्यांना सोडीना, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले.

ज्यांच्याशी मतभेद झाले होते, त्यांच्या प्राणासाठी बापूजींनी ती खुर्ची सोडली. आपल्या माणसासाठी भांडणे सोपे असते; ज्याचे आपल्याला पटत नाही त्याच्यासाठी आपली जागा सोडणे कठीण. शिवाय खुर्ची सोडली, पण काम सोडले नाही. त्याच वर्षी ते सिलोनला हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते. लोकमान्यांचे चरित्र त्यांनी संस्कृत श्लोकांत रचले, आणि १९६८ मध्ये ते निवर्तल्यावर १९७३ साली त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्याच्याजवळ विद्या आणि उद्योग आहे, त्याला एका खुर्चीची भीती नसते. नोकरी सोडण्याची भाषा करण्यापूर्वी तरुणांनी ही शिदोरी बांधावी.

येथे कोणी आम्हांस अडवील, आणि अडवावेच. "महाराज, अण्यांजवळ वकिलीची सनद होती. दामाजीपंत अधिकारी होते. ज्याच्या घरी उद्याची भाकर नाही, त्या ठेक्यावरच्या मजुराने काय करावे?" हा आक्षेप खरा आहे. ज्याच्या एका वाक्याने चूल विझते, तो गप्प बसला तर त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पाटावर बसून उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखेच ते होईल. पण त्याचे मौन ही इतरांवर पडलेली जबाबदारी आहे, हे विसरू नये. ज्याची नोकरी कायम आहे, त्याने ठेक्यावरच्यासाठी बोलावे. ज्याला लिहिता येते, त्याने अंगठेबहाद्दराचा अर्ज लिहावा. हजेरी मांडणाऱ्या कारकुनाने कापलेला दिवस दाखवून द्यावा. ज्याच्या वाट्याला अधिक आले, त्याने अधिक बोलावे, हा न्याय आहे.

आणि एकट्याच्याने होत नसेल तर दिंडी करावी. वारीत एकट्याला पंढरी लांब वाटते. दिंडीत पायाला वाट कळत नाही. कामगारांची संघटना ही या अर्थाने दिंडीच होय. एकाने भरायची किंमत शंभरांनी वाटून घेतली, तर कोणाचेच घर बुडत नाही. मात्र दिंडीला शिस्त असते, विणेकरी असतो, वाट ठरलेली असते. नुसत्या आरडाओरड्याला दिंडी म्हणत नाहीत.

नोकरी शोधणाऱ्यांसाठी आता थोडे. मुलाखतीला गेल्यावर मागच्या मालकाची निंदा करू नये. ऐकणारा मनात म्हणतो, उद्या हा माझीही अशीच करील. येत नाही ते येते म्हणून सांगू नये. पण पगार किती, पाळी किती तासांची, नोकरी कायम की ठेक्याची, भविष्य निर्वाह निधी कापणार की नाही, हे विचारायला लाजू नये. गाय विकत घेणारा तिचे दात पाहतो. माणूस आपले दिवस विकतो, त्याने विचारू नये काय? आणि 'इतके लाख भरा, खाणीत चिकटवून देतो' म्हणणारा दलाल दारात आला, तर तेथे मात्र सारा बंडखोरपणा बाहेर काढावा. वावर विकून किंवा आईची पोत मोडून नोकरी घ्यायची, आणि मग साहेबापुढे ताठ मानेच्या गोष्टी सांगायच्या, हे जमत नाही. लाच देऊन मिळवलेल्या जागेवर बसणाऱ्याची जीभ पहिल्याच दिवशी गहाण पडलेली असते. घरच्या वडीलधाऱ्यांनाही आमची विनवणी आहे. पोराच्या तोंडाला लगाम घाला म्हणता, तर दलालाला 'नाही' म्हणण्याची हिंमतही त्याला तुम्हीच द्या.

मालक आणि साहेब मंडळींपैकी जे माळकरी असतील, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की जेथे वर्षानुवर्षे कोणी उलट बोलत नाही तेथे शांती असतेच असे नाही. पुष्कळदा तेथे छत पोकळ झालेले असते आणि ठोकून पाहणाऱ्याला कोणी ठेवलेले नसते.

बाबांनो, बोला. पण कामाला हात चोख ठेवून बोला, आधी एकांतात बोला, दुसऱ्याच्या भाकरीसाठी आपल्या मानापेक्षा दोन शब्द अधिक बोला. आणि बोलण्यापूर्वी गाठोडे सोडून पाहा, की जे खत आपण नदीत टाकायला निघालो आहोत ते आपल्याच वाट्याचे आहे ना. तसे असेल तर खुशाल टाका. इंद्रायणी ते वाहून नेईल. भावाचे असेल, तर ते आधी त्याच्या हाती द्या.