काय होत नाय

टर्बोची दाबलेली हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवायला आलेला प्रत्येक पोरगा पैसे काढण्याआधी एकच विचारायचा, "मिस्त्री, इंजिनला काय होणार नाय ना?" मी चिंधीला हात पुसत सांगायचो, "काय होत नाय." पाटसला सोलापूर रोडवर माझं गॅरेज आहे. वही काढून मोजले तर असे अकरा व्हॉल्व्ह मी बसवलेत. अकराही वेळा हेच उत्तर दिलंय. त्या उत्तराचा जाब आज मला स्वतःलाच विचारायचा आहे.

पहिला पोरगा वरवंडकडचा. 1.3 लिटर मल्टीजेट डिझेल, सेकंडहँड, वडिलांच्या उसाच्या बिलातून घेतलेली. हे 1248 सीसीचं इंजिन बरीच वर्षं आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या कारखान्यात बनत होतं. त्याचा इंटरकूलरकडून येणारा कंपनीचा पाइप मी हॅक्सॉने कापला, मध्ये टी घातली, दोन क्लिपा आवळल्या आणि रेस सोडली की व्हॉल्व्ह उघडेल असा स्विच जोडला. ट्रायलला रोटी घाटात गेलो. प्रत्येक गिअरला "फिस्स" झालं, पोरगा हरखला. मीही खूश होतो, दिवसाची मजुरी दोन तासांत सुटली होती.

पण मला माहीत होतं ते मी त्याला सांगितलं नाही. पेट्रोल टर्बोमध्ये रेस सोडली की थ्रॉटलची झडप मिटते. टर्बोचं चाक मात्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतं, ते हवा दाबतच राहतं. कोंडलेली हवा मग उलटी चाकावर येते आणि तो धक्का टर्बोच्या बेअरिंगला बसतो. म्हणून तिथे कंपनीच झडप देते आणि सुटलेली हवा बहुतेक गाड्यांत बाहेर न सोडता टर्बोच्या आधीच्या पाइपात परत नेते. डिझेलची गोष्ट वेगळी. तिथे ताकद डिझेलच्या मापावर कमी-जास्त होते, नेहमीच्या चालवण्यात रेस सोडली म्हणून हवेची वाट बंद होत नाही. त्या पोराच्या गाडीत व्हॉल्व्हला काही कामच नव्हतं. मी त्याला फक्त आवाज विकला, आणि त्यासाठी चांगला पाइप कापला. चार महिन्यांनी तो काळा धूर आणि पडलेला ॲव्हरेज घेऊन आला. एक क्लिप सैल झाली होती. टर्बोने भरलेली हवा तिथून निसटत होती आणि तेवढ्याच दाबासाठी टर्बोला जास्त फिरावं लागत होतं. मी क्लिप आवळून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि त्यातच स्वतःला भला माणूस समजलो.

खरा धक्का दुसऱ्या गाडीने दिला. जुनी 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, हवा मोजणारा सेन्सर फिल्टरपाशी. त्यावर मी हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवला. सेन्सरने मोजलेली हवा व्हॉल्व्हमधून बाहेर जायची, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मात्र त्या हिशोबानेच पेट्रोल टाकत राहायचं. गाडी गिअर बदलताना अडखळू लागली, सायलेन्सरमधून फटाके येऊ लागले. प्लग काढले तर टोकावर मखमलीसारखी काळी काजळी, बोटाला लागणारी. जे पेट्रोल जळलं नाही ते पुढे कॅटलिटिक कन्व्हर्टरला तापवत होतं.

आयडलिंगही वर-खाली होत होतं. सहज म्हणून वहीच्या कागदाची पट्टी व्हॉल्व्हच्या तोंडाशी धरली. ती बाहेर फडफडायला हवी होती किंवा निदान थांबायला. ती आत ओढली गेली. स्प्रिंग मऊ होती, आयडलिंगला व्हॉल्व्ह उघडा राहत होता आणि इंजिन तिथून थेट हवा घेत होतं. फिल्टर न लागता. दिवस गाळपाचे, बाहेर उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली धूळ माझ्या बाकड्यावर बोटभर साचलेली. तीच धूळ महिनाभर त्या सिलिंडरमध्ये जात होती. ती पट्टी मी कितीतरी वेळ हातात धरून उभा होतो.

व्हॉल्व्ह प्रत्येक इंजिन खातो असं आता उलटं सांगू लागलो तर तेही खोटंच होईल. ज्या गाडीत ईसीएम हवेचं वजन न मोजता मॅनिफोल्डमधला दाब बघतं, तिथे बाहेर सोडलेल्या हवेने मिश्रण फारसं बिघडत नाही. स्प्रिंग बरोबर असेल, जोड घट्ट असतील, तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते. म्हणजे पोरांच्या प्रश्नाला उत्तर होतं. ते देण्यासाठी आधी मला बॉनेट उघडून सेन्सर कोणता ते बघावं लागलं असतं, आणि अकरापैकी बऱ्याच जणांना "तुझ्या गाडीला नको" म्हणून परत पाठवावं लागलं असतं. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीत मूळ रचनेपासून फेरफार करण्याबद्दल काय म्हणतं, तेही सांगावं लागलं असतं. मी बघितलंच नाही. बघितलं असतं तर गिऱ्हाईक गेलं असतं.

मनाशी मी एक पळवाट धरून होतो: मी नाही बसवला तर चौफुल्याला कुणीतरी बसवेल. बसवेलही. पण चौफुल्याच्या माणसाला त्यांनी विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. त्यांना गाडीतलं कळत नव्हतं, म्हणूनच विचारलं होतं.

गेल्या महिन्यात वही घेऊन बसलो आणि एकेकाला फोन लावले. गाडी घेऊन ये, मूळ पाइप बसवून देतो, पैसे नकोत. पाच जण आले. दोघं म्हणाले, आवाजासाठीच तर बसवलाय, राहू दे. त्यांना काय बिघडू शकतं ते सगळं सांगितलं, पुढचं त्यांच्यावर सोडलं. तिघांचे नंबर लागले नाहीत.

वरवंडच्या पोराने गाडी विकून टाकलीय. आधी दौंडच्या एका माणसाला, त्याने पुढे कुणाला दिली ते पोरालाही सांगता आलं नाही. दुसरी क्लिप मी त्या दिवशी पाना लावून तपासली होती का, हे आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवत नाही.