नाव एक, आवृत्त्या अनेक

एकाच संगणकावर जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या 8, 17 आणि 21 या तिन्ही आवृत्त्या सुखाने नांदू शकतात. प्रत्येकीचे फोल्डर वेगळे, कंपायलर आणि लायब्रऱ्या आपापल्या. तंटा असतो तो नावाचा. टर्मिनलवर नुसते ‘जावा’ लिहिले की त्या हाकेला ओ कोणी द्यायची? ऑपरेटिंग सिस्टिम यावर विचार करत बसत नाही. ‘पाथ’ नावाच्या यादीतली फोल्डर्स ती ओळीने धुंडाळते आणि त्या नावाची पहिली फाइल सापडेल ती चालवते. रांगेत जी पुढे उभी, ती खरी.

एवढ्यावर भागले असते तर हा मामला निव्वळ कारकुनीचा राहिला असता. पण आवृत्तीबरोबर कधी कधी अर्थही बदलतो. सात भागिले दोन ही एकच ओळ; पायथन 2 तिचे उत्तर 3 देते, पायथन 3 देते 3.5. ओळीत काना-मात्रेचाही फरक नाही. मग अर्थ ओळीत होता की ती वाचणाऱ्यात? आणि दोन वेगळी उत्तरे देणाऱ्या या दोघांना एकाच नावाने का हाक मारायची?

वेदान्तात यासाठी ‘तोच हा देवदत्त’ हे ठरलेले उदाहरण आहे. ‘तो’ म्हणजे तेव्हाचा, तिथला. ‘हा’ म्हणजे आत्ताचा, इथला. स्थळकाळाचा विरोधी भाग सोडून द्यायचा, उरतो तो देवदत्त एकच. ही भागत्यागलक्षणा. प्रोग्रामरला ती परवडत नाही, कारण जे सोडायचे तेच त्याच्या कामाचे असते. कामापुरता तो क्षणिकवादी बौद्धांच्या जवळ जातो: नाव ही सोय, खरा तो त्या क्षणाचा आवृत्तीचा आकडा.

हा पेच मराठीला जुना आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली. नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, 1584 साली, प्रती ताडून ती शुद्ध केली आणि यापुढे कोणी भर घालू नये, असे शेवटी कडक शब्दांत बजावले. आवृत्ती गोठवणे म्हणतात ते हेच. तरीही प्रती वेगळ्या राहिल्याच. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांना बीडमध्ये एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांपूर्वीची आहे असे मानून त्यांनी 1909 मध्ये आपली संहिता छापली. तिची भाषा रूढ पाठाहून जुन्या वळणाची. भाविकाला दोन्हींत ज्ञानेश्वरी एकच दिसते. तो देवदत्ताचा न्याय लावतो. व्याकरण लिहिणाऱ्याला तसे करता येत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ‘तीच का?’ या प्रश्नाचे उत्तर तिचे पुढे काय करायचे यावर ठरते.

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला वाचक ओळीने बसतात, तेव्हा खरी प्रत कोणती हा वाद कोणी काढत नाही. व्यासपीठचालकाच्या हातातली प्रत ती सगळ्यांची. एखाद्याने निराळ्या पाठाची पोथी आणली तर ओवीचा आकडा चुकतो, सूर फाटतो. घरी तो आपली पोथी खुशाल वाचेल. मंडपात मात्र मंडपाची. संगणकावरची चांगली व्यवस्थाही अशीच चालते. डॉटनेटच्या प्रकल्पात ‘ग्लोबल डॉट जेसन’ ही फाइल ठेवून कोणती एसडीके, म्हणजे विकास-साधनांचा कोणता संच, चालेल ते लिहिता येते. पायथनसाठी पायएन्व्ह आणि जावासाठी एसडीकेमॅन ही साधने फोल्डर पाहून आवृत्ती बदलू शकतात. संगणकभर एकच सत्य लादायचे नाही, पण एका प्रकल्पात दोनही चालवायची नाहीत. याला सापेक्षतावाद म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. मंडपात शिस्त कडकच असते, फक्त ती मंडपापुरती असते.

राहिला प्रश्न जुन्या आवृत्तीचा. पायथन 2 ची अधिकृत देखभाल 1 जानेवारी 2020 पासून थांबली. तिच्यावर लिहिलेले प्रोग्राम त्या तारखेला थांबले नाहीत. असा एक जरी प्रोग्राम चालू असेल तर जागा अडते म्हणून ती काढता येत नाही, आणि नवी आली म्हणून जुनी खोटीही ठरत नाही. जुनी हातची गेली की काय होते ते पाहा: राजवाड्यांची छापील संहिता आज वाचायला मिळते. ज्या पोथीवरून ती छापली, ती मात्र अभ्यासकांच्या हाती नाही. त्यामुळे छपाईतला एखादा शब्द पोथीतला की संपादकाचा, हे ताडून पाहता येत नाही.