तिकोनी बांधीची वाटणी

साकोली तालुक्यातल्या एका घराच्या ओसरीवरचं हे बोलणं. काकाजी गणिताचे निवृत्त शिक्षक, पुतणी यंदा दहावीला. दहावीच्या भूमितीचं पहिलंच प्रकरण समरूपता, आणि घरात नेमका वाटणीचा विषय निघालेला. वडिलोपार्जित धानाची बांधी तिकोनी: पाया 80 मीटर, टोकापासून पायापर्यंत 100 मीटर, दोन्ही तिरप्या बाजू सारख्या. म्हणजे 40 आर, जवळपास एक एकर. नहराचं पाणी टोकाशी उतरतं नि तिथून खाली पसरतं. आजोबा जाताना एवढंच बोलले होते, अर्धी मोठ्याची, अर्धी लहान्याची.

पुतणी: सोपं आहे जी. दोन्ही तिरप्या बाजूंचे मध्य काढायचे, दोरी ताणायची, तिथं मातीचा धुरा टाकायचा. वरचं तुमचं, खालचं बाबांचं.

काकाजी: मला किती आलं?

पुतणी: अर्धी.

काकाजी: वही काढ.

पुतणी: वरचा त्रिकोण अख्ख्या बांधीशी समरूप, कोको कसोटीनं. बाजू निम्म्या. क्षेत्रफळांचं गुणोत्तर मात्र बाजूंच्या वर्गांचं... अरे! पाव. तुम्हाला 10 आर, बाबांना 30.

काकाजी: तुझ्या बाबाला हे गणित फार आवडेल.

पुतणी: पण दिसायला तर बांधी तशीच दिसते!

काकाजी: दिसणारच. टोकाला खुंटी ठोकून तू सगळी बांधी त्या खुंटीकडे सारख्या पटीनं आखडत नेलीस. कोन एकही ढळला नाही. कोनाला लहानमोठं कळत नाही, कोठीला कळतं.

पुतणी: मग दोरी खाली सरकवू. ज्या पटीचा वर्ग अर्धा येतो ती पट घ्यायची, 0.707. टोकापासून 70.7 मीटरवर धुरा. वर 20 आर, खाली 20.

काकाजी: हेच कोडं शुल्बसूत्रांच्या काळी यज्ञवेदीवाल्यांना पडलं होतं. पक्ष्याच्या आकाराची श्येनचिती पहिल्यांदा साडेसात चौरस पुरुष (पुरुष हे त्यांचं लांबीचं माप), पुढच्या खेपेला साडेआठ, असं वाढवत साडेएकशे एकपर्यंत. आकार बदलायचा नाही, क्षेत्रफळ एकेकानंच वाढवायचं. साडेसाताचं साडेआठ करायला बाजू साडेसहा टक्क्यांच्या आतबाहेरच वाढते. दोरीनं काढत ते.

पुतणी: वेदीला नहराचं पाणी लागत नव्हतं जी.

(इथं काकाजी थोडे थांबले. वर्गात असा प्रश्न आला की बहुतेक शिक्षक तास संपल्याचं सांगतात.)

काकाजी: बरोबर बोललीस. आडवा धुरा टाकला की पाणी आधी माझ्या बांधीत भरणार, मग तुझ्या बाबाच्या. रोवणीच्या दिवसांत मी चार दिवस अडवून धरलं तर त्याचे पऱ्हे पिवळे पडतील. आर सारखे, पण एकजण देणारा झाला नि दुसरा मागणारा.

पुतणी: मग उभा धुरा. टोकापासून पायाच्या मध्यापर्यंत. दोन्ही तुकडे एकरूप, दोघांचंही टोक पाण्याशी. वाद मिटला!

काकाजी: आडवा धुरा साडेछप्पन मीटरचा होता. उभा किती?

पुतणी: शंभर.

काकाजी: धुरा अर्धा मीटर रुंद धर. त्यावर तूर लावू, पण धान गेलाच. शिवाय टोकाकडे तुकडा इतका निमुळता की ट्रॅक्टर वळत नाही. न्यायाची रेघ लांब पडते, बाई.

पुतणी: मग ती किंमत दोघांनी सोसायची.

काकाजी: आणि तू पुन्हा वाटणी करशील तेव्हा? तुझ्या पोरांची वेळ येईल तेव्हा? भूमितीत त्रिकोण कितीही वेळा निम्मा कर, तो कुरकुरत नाही. शेतात काही गोष्टी लहान व्हायला नाकारतात. चहूबाजूंचा धुरा पाहा. अख्ख्या बांधीत तो 40 पैकी दीड आर खातो. तुझ्या पहिल्या पाव बांधीत पाऊण आर, पण 10 पैकी. हिस्सा दुप्पट झाला. धान तेवढाच उंच, पाणी तेवढंच खोल, ट्रॅक्टर तेवढाच रुंद. गॅलिलिओनं 1638 साली हेच हाडांबद्दल लिहिलं: माणूस आहे त्याच प्रमाणात राक्षसाएवढा वाढवला तर हाडं वजन पेलणार नाहीत. 1947चा तुकडेबंदी कायदा झाला तो याच भीतीनं.

पुतणी: म्हणजे वाटणीच नको?

काकाजी: तसं म्हटलं तर मी कसतो तो राहीन नि तुझा बाबा नावापुरता. एकत्र ठेवण्यातही कुणीतरी वरचा होतोच.

पुतणी: मग मोजणीवाल्यांना बोलवा. नकाशावर रेघ मारतील.

काकाजी: समज नकाशा 1:4000 चा. आपली बांधी त्यावर दोन सेंटीमीटर पायाची, अडीच उंचीची. अगदी समरूप. आता त्यावर पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ मार. जमिनीवर ती किती जाड?

पुतणी: दोन मीटर... शंभर मीटर लांब. दोन आर!

काकाजी: पुस्तकातल्या रेघेला जाडी नसते. ते दोन आर कुणाचे, हे कोणतंच प्रमेय सांगत नाही. कोर्टात मात्र याच दोन आरांवर पिढ्या जातात.

पुतणी: मला वाटतं, तुम्ही गणितावर उगाच रागावलात. गणितानं पाव उघडं पाडलं नसतं तर मी हसत हसत तुम्हाला 10 आर दिले असते. फसवणूक कुठं आहे ते तरी दाखवलं ना त्यानं?

काकाजी: हाव. हे मान्य.

पुतणी: मग एकानं धुरा आखायचा, दुसऱ्यानं तुकडा निवडायचा. आखणारा पाणी, टोक, ट्रॅक्टर सगळं धरूनच आखेल, नाहीतर त्याचंच नुकसान.

काकाजी: आखणाऱ्याला दुसऱ्याची गरज ठाऊक असेल तर? तुझ्या बाबाला घराजवळचाच तुकडा हवा, हे मला माहीत आहे. तो तुकडा मी अठरा आरांचा आखला तरी तो तोच उचलेल.

पुतणी: मग तुम्ही आखू नका. बाबा आखतील, तुम्ही निवडा.

काकाजी: माझीही आवड त्याला ठाऊक आहे. भाऊ आहोत आम्ही.