पुसलेल्या फितींचे वारसदार

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथांची मालिका पहिल्यापासून सलग बघायची म्हटलं, तर ते आज कुणालाच शक्य नाही. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ती सुरू झाली, पण तिचे साठच्या दशकातले शंभराच्या आसपास भाग खुद्द बीबीसीकडेच नाहीत. त्या काळी चित्रफीत महाग होती आणि जुने कार्यक्रम पुन्हा दाखवायला फारसा वाव नव्हता. म्हणून फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. मला ही मालिका आधी आवडली ती कथांमुळे. चाहती मात्र मी झाले ती ही हकिगत कळल्यावर.

नायक परग्रहावरचा, नाव नुसतंच ‘डॉक्टर’. ब्रिटनमध्ये रस्तोरस्ती असायचं तसल्या पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून तो काळात हिंडतो. खोकं आतून भलतंच ऐसपैस. त्या यानाचा घरघराट ब्रायन हॉजसन यांनी घराची किल्ली पियानोच्या तारांवर घासून, तो आवाज फितीवर उलटसुलट करून घडवला. रबरी राक्षसांवरून लोक या मालिकेला अजून हसतात. मला त्यात पैशाच्या चणचणीपेक्षा हे असलं कसब जास्त दिसतं.

१९६६ मध्ये पहिला डॉक्टर साकारणारे विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा डॉक्टर मरणाच्या दारात नवा देह धारण करतो अशी युक्ती निघाली आणि पॅट्रिक ट्राउटन आले. तेव्हापासून दर काही वर्षांनी चेहरा बदलतो, स्वभावही बदलतो. एखाद्या नटावर जीव जडतो न जडतो तोच तो निघून जातो. कथानकाच्या सुसंगतीवर विसंबावं, तर अटलांटिसच्या बुडण्याच्या इथे एकमेकींशी न जुळणाऱ्या कथा आहेत! मग माणसं धरून ठेवतात तरी काय? माझ्या मते, शस्त्राऐवजी अक्कल आणि कुतूहल घेऊन अनोळखी जागी पाऊल टाकण्याची ती वृत्ती.

पुसल्या गेलेल्या कथांपैकी १९६४ ची ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा पूर्ण नाहीशी झाली आहे. तिचे सहा भाग वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केले होते. मालिकेची पहिलीवहिली कथाही त्यांचीच. लखनौत जन्मलेल्या या तरुणाची तेव्हा पंचविशीही पूर्ण झाली नव्हती. ‘मार्को पोलो’ आज फक्त ऐकता येते. घरोघरी काही प्रेक्षकांनी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता, कुणी तर टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून बसे. आवाज मधूनच दबतो, खरखरतो, पण संवाद कळतात. फिती पुसल्या जाणार हे त्या प्रेक्षकांना ठाऊकही नव्हतं. आवडलेलं पुन्हा ऐकता यावं, एवढीच त्यांची इच्छा. अशा ध्वनिमुद्रणांमुळेच आज एकूण एक हरवलेल्या भागाचा आवाज शाबूत आहे. पडद्याची टिपलेली छायाचित्रं हुसेन यांनी स्वतःजवळ जपली होती, तीही पुढे हाती लागली. दुसऱ्या हरवलेल्या कथांचे नायजेरियातल्या जोस शहरातून परत मिळालेले नऊ भाग तर २०१३ मध्ये जाहीर झाले.

१९८९ मध्ये मालिका बंद पडली तेव्हाही चाहत्यांनी ती कादंबऱ्यांतून आणि श्राव्य नाटकांतून चालू ठेवली. २००५ मध्ये तिला पुन्हा उभं करणारे रसेल टी. डेव्हिस हे लहानपणापासूनचे चाहते. शाळकरी वयात ‘रेडिओ टाइम्स’ला या मालिकेबद्दल पत्र लिहिणारे पीटर कपाल्डी पुढे स्वतःच डॉक्टर झाले.

जपणाऱ्याला मालकी वाटू लागते, हा मात्र यातला धोका. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर ही पहिली स्त्री-डॉक्टर जाहीर झाली, तेव्हा काही जुने चाहते संतापले. वर्षानुवर्षं जीव लावलेल्या गोष्टीबद्दलची त्यांची तगमग मला समजते, त्यांचा हट्ट पटत नाही. चेहरा बदलता आला म्हणूनच तर ही मालिका १९६६ च्या पुढे जगली. त्यांनी पाठ फिरवली, तर त्यांच्या हातून २०१८ चा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ निसटला असेल. विनय पटेल यांनी लिहिलेल्या या फाळणीच्या कथेत डॉक्टरला एक खून थांबवता येत नाही. त्यातले परग्रहवासी एके काळचे मारेकरी. आता ते एकाकी मरणाऱ्यांजवळ थांबतात, त्यांची आठवण जपतात. या मालिकेनं आपल्या प्रेक्षकांना इतकं नीट ओळखलेलं मी दुसऱ्या कुठल्याच भागात पाहिलेलं नाही.